‘आधी पाण्यात ढकला’ म्हणणाऱ्या खाडीवाल्यांना उत्तर

खाडीवाला, नमस्कार.

‘जुनी मोटरबोट पहिल्यांदाच घेताय?’ या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तिचा गोषवारा आधी देतो. तुम्ही म्हणता, मी नवख्यांना उगाच घाबरवतो. माझी स्वतःची बोट 3 वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. हर्णैला तुमचे काका 20 वर्षं फायबरची होडी चालवतायत, त्यांनी इपॉक्सी या चिकटवायच्या रेझिनचं नावही ऐकलेलं नाही. बोट आधी पाण्यात ढकलावी, एखादा हंगाम चालवावी, काय बिघडलंय ते तीच सांगते, मोठी कामं मग. शिवाय ‘पुण्याकडच्या पैसेवाल्यांचे चोचले’ हा आहेर. तो ठेवून घेतो, परत करत नाही.

3 वर्षांचं खरं आहे. पहिल्याच महिन्यात मी हौसेने सगळं एकदम उचकटलं. सीटा, काच, वायरिंग, स्टिअरिंगची केबल, सगळं. नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत भरले आणि डब्यांवर काही लिहिलं नाही. दुसऱ्या वर्षी कुठला बोल्ट कुठला, हे मलाही सांगता येईना. बोट समोर उभी असून तिच्याकडे बघावंसं वाटत नव्हतं. एका वेळी एकच काम उघडा आणि ते मिटल्याशिवाय दुसरं उघडू नका, हे लेखात यायला हवं होतं. त्या जागी मी रंगाच्या छटांवर दोन परिच्छेद खर्च केले. तेव्हा एखादा हंगाम बोट चालवावी आणि मगच मोठ्या कामाला हात घालावा, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण काकांच्या होडीचा दाखला इथे लागू होत नाही. त्यांची होडी उघडी असते. तळ दिसतो, वाकं (आतल्या फासळ्या) दिसतात, पाणी कुठून आलं ते पाच मिनिटांत कळतं. शिवाय ती रोज पाण्यात जाते, जूनमध्ये वर ओढून शाकारली जाते, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी काका तिच्यावरून हात फिरवतात तेव्हा त्या हाताला जे कळतं ते माझ्या मॉइश्चर मीटरला कळत नाही. त्यांची निगा रोजची आहे, म्हणून ती कुणाच्या नजरेत भरत नाही, इतकंच. हौशी मोटरबोट वेगळी. तिच्यात प्लायवुडची जमीन चिकटवून बंद केलेली असते, खाली फोम भरलेला असतो, आणि मालक पंधरवड्यातून एकदा येतो. आत काय कुजतंय ते कुणालाच दिसत नाही, आणि ही बोट आपणहून काही सांगतही नाही. सांगते तेव्हा तुम्ही किनाऱ्यापासून दूर असता.

माझ्या बोटीचं ट्रान्सम, म्हणजे ज्या मागच्या भिंतीवर मशीन (इंजिन) टांगलेलं असतं ती, बाहेरून चकचकीत होतं. घेताना मी त्यावर थाप मारून ‘मजबूत आहे’ म्हणालो होतो. दाभोळच्या एका मिस्त्रीने प्लास्टिकच्या हातोडीने हळूहळू ठोकत वरून खाली आणलं. वर टण टण. पाणी काढायच्या बुचाच्या भोकापाशी आल्यावर ठप्प ठप्प, ओल्या पोत्यावर मारल्यासारखं. मग त्याने आतल्या बाजूने 5 मिलिमीटरच्या ड्रिलने एक भोक पाडलं. आधी फायबरची पांढरी पूड आली. त्यानंतर लाकडाचा कोरडा भुसा यायला हवा होता. आला तो गाळून उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखा काळपट लगदा, आणि भोकातून एक थेंब ओघळला. मिस्त्री काही बोलला नाही, त्याने ड्रिल माझ्या हातात दिलं. 40 हॉर्सपॉवरचं 70-75 किलोचं मशीन त्या चोथ्यावर लटकत होतं. ती तशीच पाण्यात ढकलली असती तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिने मला नक्कीच काहीतरी सांगितलं असतं.

ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. ट्रान्सम ठोका. मशीनचा खालचा पाय धरून वरखाली हलवा आणि भिंत लवतेय का, कोपऱ्यांत तडे उघडतायत का ते दुसऱ्याला बघायला सांगा. बुचाची आणि बोल्टांची भोकं नखाने खरवडा, कारण पाणी तिथूनच शिरतं.

फोमसाठी तर त्याहून सोपी युक्ती आहे. ट्रेलरसकट बोट ट्रकच्या वजनकाट्यावर न्या, मग रिकामा ट्रेलर न्या. माझी बोट कागदोपत्री 450 किलोची, काट्यावर भरली 610. टाक्या रिकाम्या, सीटा काढलेल्या, मग वरचे 160 किलो कसले? पाणीच. जमिनीखालच्या फोमने ते पिऊन ठेवलं होतं, आणि वर्षभर उन्हात उभी करूनही ते निघालं नसतं. जमीन कापून फोम फावड्याने काढावा लागला.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र मी घाबरवतोच, आणि यापुढेही घाबरवणार. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, तळाशी साचून राहते, आणि तिथेच आपण बॅटरी ठेवलेली असते. त्यात हल्ली पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल ओल खेचतं, बोट महिनाभर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या बुडाशी बसतं, आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. काकांची टाकी रोज रिकामी होते, म्हणून त्यांना हा त्रास नाही. जमिनीखालची जुनी टाकी दुरुस्त करत बसू नका. ती धुऊन, कोरडी करून कायमची बाद करा आणि 25 लिटरची सुटी टाकी उघड्यावर ठेवा. नळी आणि पेट्रोल चढवायला हाताने दाबायचा फुगा नवा घ्या. यात चोचले काही नाहीत.

आता इपॉक्सी. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘सगळीकडे इपॉक्सीच वापरा’ हे वाक्य चुकलं. आपल्या किनाऱ्यावरच्या फायबर होड्या साध्या पॉलिएस्टर रेझिनच्या आहेत आणि चांगल्या टिकतात. इपॉक्सी लागतं ते जुन्या फायबरला नवं लाकूड चिकटवायचं असेल तिथे, म्हणजे मुख्यतः ट्रान्समला. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरतं, पण इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर मारलं तर ते भरवशाचं नाही, तेव्हा क्रम आधी ठरवा. आणखी एक चूक माझी मीच सांगतो. दुकानात मिळणारी फायबरच्या सुट्या धाग्यांची मॅट ज्या बाइंडरने बांधलेली असते तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही, केसाळ राहते. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापडच घ्यावं. मी 4 मीटर मॅट वाया घालवली.

पॉलिएस्टर स्वस्त आहे म्हणून ते निर्धोक आहे असं मात्र समजू नका. काही ठिकाणी रेझिन, कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर अशा तीन बाटल्या मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि त्यानंतरच हार्डनर. आणि भर श्रावणात ताडपत्रीखाली हे काम काढू नका. मी काढलं होतं. मॅट दुधट पांढरी झाली, पंधरा दिवसांनीही बोटाला चिकटत होती, आणि शेवटी ग्राइंडरने सगळी उतरवली. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम.

तर ट्रान्सम टणक लागलं, वजन जुळलं आणि पेट्रोलची व्यवस्था नवी झाली, की खुशाल ढकला. फाटक्या सीटा, उडालेला रंग, बंद पडलेली मीटरं यांनी कुणी बुडत नाही. फक्त पहिली फेरी खाडीतच मारा, उधाणाला नको, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, असताना मारा, आणि भरती चढत असताना निघा. मशीन दगावलं तर पाणी तुम्हाला आत आणेल. ओहोटीला निघालात तर तेच पाणी बाहेर घेऊन जाईल. नांगर दोरीसकट हाताशी, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि सोबत ओळखीची दुसरी होडी. मशीन सुरू होताच मागे वळून थंडाव्याच्या पाण्याची धार पडतेय का बघा. धार नसेल तर लगेच बंद करा. पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ओढणारं चक्र) वर्षानुवर्षं उभ्या मशीनमध्ये वाकून कडक झालेला असतो, तो न बघता बदलावा.

कागदांबद्दल तुम्ही ‘कोण विचारतंय’ असं लिहिलंय. खाडीत आणि नदीत मशीनवर चालणाऱ्या बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी आणि सर्व्हे लागतो, 1917 चा जुना कायदा आता गेला. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर किंमत ठरवण्याआधी सागरी मंडळाच्या कार्यालयात एक चक्कर मारा.

शेवटी तुम्ही अ‍ॅनोडबद्दल, म्हणजे मशीनला गंजापासून वाचवायला लावतात त्या धातूच्या तुकड्याबद्दल, विचारलंय. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात जस्ताचा चालतो. खाडीत पावसाळ्यानंतर पाणी निमखारं होतं, म्हणून मी अ‍ॅल्युमिनियमचा लावतो. गोड्या पाण्यातल्या धरणात बोट ठेवणार असाल तर मॅग्नेशियमचा. अ‍ॅनोड कुठलाही असो, तो स्वतः झिजून मशीन वाचवतो, म्हणून त्याला रंग लावायचा नसतो. माझ्या रंगाऱ्याने तोही दोन हात देऊन इतका सुबक रंगवला होता, की पुढच्या वर्षी अ‍ॅनोड कोरा करकरीत आणि मशीनचा पाय चाळण झालेला.