'थायरॉइडचा खोटा रिपोर्ट देतात' या रिव्ह्यूला लॅबकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून सॉरी. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांची झुंबड असते, त्या दिवशी खुर्च्याही कमी पडल्या. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते 'खोटा रिपोर्ट' या दोन शब्दांवर. आकडे तुम्ही स्वतः रिव्ह्यूत टाकलेत म्हणून इथे बोलतो, एरवी पेशंटचे आकडे आम्ही चारचौघांत काढत नाही. आमच्याकडे टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ५.९, तीन दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये ४.१, फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) दोन्हीकडे नॉर्मल. यावरून आमचं मशीन बिघडलंय असं तुम्ही ठरवलंत. पण आमच्याकडे सकाळी साडेसातला उपाशी आलात आणि तिकडे 'जेवून, आरामात चार वाजता' गेलात, हेही तुम्हीच लिहिलंय. सगळी गोम तिथेच आहे. टीएसएच थायरॉइडमधून येत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि दिवसभर एकसारखं राहत नाही. रात्री चढतं, मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत सगळ्यात जास्त असतं, दुपारी उतरतं. जेवणानंतरही थोडं खाली येतं. म्हणून काठावरचा आकडा सकाळी रेंजबाहेर आणि दुपारी रेंजच्या आत दिसू शकतो. शिवाय दोन लॅबची मशीन वेगळ्या कंपन्यांची असली की किटही वेगळं, रेंजही वेगळी. त्या लॅबला मी चूक म्हणत नाही. आम्हालाही म्हणू नका, एवढंच.

पेशंटचं पहिलं सॅम्पल लावायच्या आधी आम्ही रोज कंट्रोल लावतो, म्हणजे ज्याचा आकडा किती यायला हवा हे आधीच ठाऊक असतं असा नमुना. तो मर्यादेत बसला नाही तर एकही रिपोर्ट बाहेर जात नाही. त्या दिवसाची नोंद आहे, येऊन बघा. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर फ्रीजमध्ये ठेवलेलं तुमचं सीरम, म्हणजे रक्तातला वेगळा काढलेला पातळ भाग, मी स्वतः पुन्हा लावलं. आकडा इथे देत नाही, प्रत तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. घाबरण्यासारखा फरक नाही.

'केसांच्या गोळ्या घेता का, असल्या नको त्या चौकशा करतात' असंही लिहिलंत. मॅडम, ती मुलगी तिचं काम करत होती. त्या गोळ्यांत बऱ्याचदा बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं, आणि बऱ्याच मशीनच्या तपासणीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसू शकतं, आणि धडधाकट माणसाला थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याचा रिपोर्ट मिळतो. तिने विचारलं नसतं तर मी तिला बोललो असतो. सगळ्यांसमोर विचारलं हे मात्र तुम्हाला खटकलं असणार, ते समजू शकतो. हा प्रश्न फॉर्ममध्येच छापून घ्यायचं बघतो, आणि गर्दीचंही काहीतरी करू.

'डॉक्टरांशी साटंलोटं करून गोळ्या सुरू करायला लावतात' हे वाक्य सगळ्यात लागलं. रिपोर्टखाली आम्ही एकच ओळ लिहिली होती, लक्षणांशी ताडून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. टीएसएच थोडं वर आणि टी-४ नॉर्मल असेल तर अनेक डॉक्टर लगेच गोळी न देता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. गोळी द्यायची की नाही यात वय, लक्षणं, अँटिबॉडी, गरोदरपण असं बरंच काही पाहावं लागतं. ते ठरवणारा मी कोण?

हल्ली फोनवर लोक विचारतात, "तुमच्याकडे थायरॉइड चुकीचा येतो ना?" इतकी वर्षं हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांची शीर शोधत आलो, त्यावर हे ऐकायचं.

डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलं की या, पैसे घेणार नाही. फक्त सकाळी त्याच वेळेला, उपाशीपोटी या. स्टार वाढवा म्हणत नाही, 'खोटा' तेवढा शब्द काढलात तर बरं होईल.