खाडे, पाहुणे आणि एमआयएस

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर नुसतं '४२' लिहिलं आणि वर्गाकडे वळून विचारलं, "हे काय आहे?"

एमबीएला प्रवेश घेतल्यापासून आमची अक्कल इतक्या खालून कुणी तपासली नव्हती. मागून कुणीतरी "बेचाळीस" असं पुटपुटलं. सर खूश झाले. त्यांना नेमकं हेच चुकीचं उत्तर हवं होतं. "हा झाला डेटा. आता 'ताप ४२' म्हटलं, की ती झाली माहिती."

"ताप ४२ म्हटलं की पेशंट गेला, सर," सातारा म्हणाला. त्याच्या वडिलांचं मेडिकलचं दुकान आहे.

"आमच्याकडं मे महिन्यात ४२ म्हणजे डेटाबी नाही आन् माहितीबी नाही," लातूर म्हणाला. "रोजचंच हाय ते."

मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स, लाडानं एमआयएस, म्हणजे निर्णय घेणाऱ्याला लागणारी माहिती गोळा करून त्याच्यापर्यंत पोचवायची व्यवस्था. या विषयाशी आमची ओळख झाली ती अशी. पुण्यात पेठेतल्या कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांना नावं नसतात, जिल्हे आणि तालुके असतात. आमच्या खोलीत सातारा, लातूर, जळगाव आणि बार्शी असे चौघं राहायचो. बार्शी म्हणजे मी.

एमबीएत प्रत्येक विषयाला एक पिरॅमिड असतो. तो पाठ झाला की अर्धा विषय झाला. एमआयएसचा पिरॅमिड हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनींचा. १९६५ साली त्यांनी संस्थेचे तीन मजले पाडले: वर लांब पल्ल्याचं नियोजन, मध्ये व्यवस्थापनाचं नियंत्रण आणि तळाला रोजची हमाली. सर्वांत वरच्या माणसाला सर्वांत कमी आणि गाळलेली माहिती द्यायची. हे कळायला सोपं आहे, फक्त परीक्षेत शेजारच्या विषयाचा, मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड मध्ये घुसतो. जळगावनं अंतर्गत परीक्षेत तळाच्या मजल्यावर 'अन्न, वस्त्र, निवारा' लिहिलं आणि शिखरावर 'सीईओ'. सरांनी पाचापैकी दोन मार्क दिले. शिखर बरोबर होतं म्हणून.

खरी परीक्षा प्रोजेक्टची होती. वीस मार्क. एखादी खरी संस्था बघायची, तिचा कारभार समजून घ्यायचा आणि तिच्यासाठी एमआयएस सुचवायची. वर्गातल्या लोकांना चाकणला कारखाना असलेले मामा होते, कुणाची मावशी हॉस्पिटल चालवत होती. आम्ही दिवसातून दोनदा नेमानं जात होतो अशी एकच संस्था होती. नारायण पेठेतली काकूंची मेस.

"मेस ही ऑर्गनायझेशन होते का?" सरांनी नाक मुरडलं.

लातूरनं एक रात्र जागून ब्रह्मास्त्र शोधून आणलं. ब्रिटनमध्ये लायन्स नावाची एक कंपनी होती, चहाची दुकानं चालवणारी. तिनं स्वतःचा कॉम्प्युटर बांधला, नाव ठेवलं लिओ, आणि १९५१ साली त्याला ऑफिसच्या कामाला जुंपलं. पहिलं नेमाचं काम कोणतं, तर बेकरीतल्या मालाचा हिशेब. म्हणजे धंद्याच्या कामाला लागलेला जगातला पहिला कॉम्प्युटर काही रॉकेट सोडत बसला नव्हता. पाव आणि केक मोजत होता.

"सर, हा विषयच मुळात खाण्यापिण्याचा आहे," लातूर म्हणाला. सरांनी सही केली.

मेसचा कारभार असा. चाळीसेक मेंबर. प्रत्येकाला एक पिवळं कार्ड, त्यावर महिन्याच्या जेवणांचे साठ चौकोन. जेवलात की टिक. गावी जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगायचं, मग खाडा पडतो. सलग चार जेवणांच्या आतला खाडा हिशेबात धरला जात नाही, या नियमावर महिन्याला दोन तरी भांडणं होतात. पाहुणा आणलात तर नव्वद रुपये वेगळे. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री चूल बंद.

पुस्तकात लिहिलंय, सिस्टिम उभी करण्याआधी वापरणाऱ्याची गरज समजून घ्या. आम्ही वही-पेन घेऊन ओट्यापाशी उभे राहिलो. "काकू, निर्णय घेताना तुम्हाला कोणत्या माहितीची उणीव भासते?"

काकूंनी लाटणं थांबवलं नाही. "आज किती जण येणार एवढं कुणी सांगितलं, तर बास."

एका ओळीत गरज संपली. एका ओळीवर वीस मार्क मिळत नाहीत. आम्ही कामाला लागलो.

आधी डेटा फ्लो डायग्राम. त्यात काम दाखवायला गोल काढतात आणि माहिती दाखवायला बाण. कंपासपेटी दहावीनंतर कुणाकडेच राहिली नव्हती, तेव्हा गोल काकूंच्या वाटीनं काढले. एका कागदावर तर आमटीचा पिवळा डागही बाणासारखाच उमटला आणि तो आम्ही राहू दिला. सरांनी कागद बघितला आणि एका गोलावर लाल फुली मारली. "इथे नुसते आत जाणारे बाण आहेत, बाहेर काहीच येत नाही. याला ब्लॅक होल म्हणतात." तो गोल जळगावच्या जेवणाचा होता. दुसऱ्या गोलात उलट तक्रार. तिथून बाण बाहेर पडत होते, आत काहीच जात नव्हतं. अशा गोलाला मिरॅकल म्हणतात, आणि डायग्राममध्ये तीही चूकच धरतात. तो गोल महिन्याच्या अठ्ठावीस तारखेच्या भाजीचा होता. डाळ, चिंच आणि कालची उरलेली कोथिंबीर एवढ्यावर काकू चाळीस माणसांची पातेली कशी भरतात, ते दाखवायला आमच्याकडे बाणच नव्हता.

मग आला गुगल फॉर्म. सकाळी दहापर्यंत दुपारचं आणि पाचपर्यंत रात्रीचं, जेवणार की नाही ते सांगायचं. पहिल्या दिवशी चाळीस मेंबरांची एकाहत्तर उत्तरं आली. काहींनी दोनदा दाबलं, काहींनी 'जेवणार' आणि 'नाही जेवणार' दोन्हींवर खूण केली, एकानं नावाच्या जागी 'बॅटमॅन' लिहिलं. सूचनेच्या रकान्यात नऊ जणांनी वांगं नको असं कळवलं आणि एकानं घरमालकाबद्दल तक्रार केली. सर म्हणतात, कचरा आत तर कचरा बाहेर. आमच्याकडे कचरा आत जाऊन वाढून बाहेर येत होता.

सगळं गाळून, चाळून रात्रीचा आकडा निघाला: तेवीस. आम्ही तो मोठ्या दिमाखानं काकूंना दिला. काकू म्हणाल्या, "अडतीस येतील." आणि कणीक भिजवायला घेतली.

आले सदतीस. अडतिसावा जळगावच्या पोळ्यांनी भरून काढला.

हे कसं जमतं ते बघायला मी एक संध्याकाळ ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून काढली. पगार झाला की नोकरीवाली पोरं दोन दिवस बाहेर खातात, हे काकूंना ठाऊक. चतुर्थीला किती जण खरंच उपास धरतात आणि किती जण फक्त साबुदाण्याच्या खिचडीपुरते धरतात, तेही ठाऊक. मॅच असली की सगळे उशिरा आणि एकदम येतात. पाऊस लागला की लांब राहणारे सहा जण गळतात. पण हे झालं आदल्या तासाचं गणित. ऐन वेळचा हिशेब वेगळाच होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाड्याचं दार दिसतं. काकू दर दोन पोळ्यांमागे एकदा मान वर करून तिकडे बघत होत्या.

"काय बघताय काकू?"

"चपला."

दाराशी चपलांचा ढीग वाढला की गॅसवर दुसरा तवा चढायचा. ढीग उतरला की भाताचा कुकर बाजूला व्हायचा. आमच्या पुस्तकात याला डॅशबोर्ड म्हणतात आणि त्यासाठी कंपन्या लाखो रुपये मोजतात. मी हे प्रोजेक्टमध्ये लिहिलं. माहितीचा स्रोत: चपला. सरांनी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

रसेल अ‍ॅकॉफ नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९६७ सालीच एका लेखात सांगून ठेवलंय, की मॅनेजरला माहिती कमी पडते हा गैरसमज आहे. बिचाऱ्याच्या डोक्यावर नको ती माहिती ओतली जाते, ते त्याचं खरं दुखणं. हे आम्हाला अभ्यासाला होतं. यावर मी पाच मार्कांची टीप लिहून पाचपैकी चार मिळवले होते. त्यानंतर आठ दिवसांनी आम्ही काकूंना चौदा पानांचा रिपोर्ट दिला.

त्यात सगळं होतं. भाज्यांच्या आवडीनिवडीचा रंगीत पाय चार्ट. वारानुसार पोळ्यांचा आलेख. जळगावनं आठवडाभर काउंटरवर बसून कार्डावर नसलेलीसुद्धा प्रत्येक नोंद घेतली होती, त्याचा तक्ता. पानं भरायची म्हणून मी रात्री दोन वाजता एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावलं, जे काही बाहेर आलं ते न वाचता चिकटवलं आणि वर ठळक अक्षरांत मथळा दिला: 'अपवादात्मक नोंदी'. अपवादांचा वेगळा रिपोर्ट असला की सर मार्क वाढवतात, असं सीनियरांनी सांगितलं होतं.

काकूंनी चष्मा लावला, हात पदराला पुसले आणि रिपोर्ट पिठाच्या डब्यावर ठेवून पानं उलटायला सुरुवात केली. पाय चार्ट गेला, आलेख गेला. अकराव्या पानावर बोट थांबलं.

"सतरा नंबर तूच ना रे बार्शी?"

मी वाकून बघितलं. 'मेंबर क्र. १७. पाहुणे: प्रत्यक्ष ६, नोंद ०.'

एमपीएससीचा अभ्यास करणारा माझा आतेभाऊ त्या आठवड्यात सहा वेळा माझ्याबरोबर जेवून गेला होता. गर्दीत कुणाच्या लक्षात येणार, असा माझा हिशेब होता. जळगाव एकाएकी लोणच्याची बरणी न्याहाळू लागला.

"काकू, ते म्हणजे... डेटामध्ये चूक असू शकते."

"चूक कसली? निळ्या पट्ट्याची चप्पल, डाव्या पायाचा अंगठा उसवलेला. दिवाळीपासून येतोय तो." काकूंनी पान उलटलं नाही. "मला काय माहीत नव्हतं? म्हटलं, परीक्षेचं पोर आहे, दोन घास जास्त गेले तर जाऊ देत."

"मग काकू..."

"मग काय? आता कागदावर आलंय ना. उद्या दुसरा कुणी पाहुणा फुकट आणील आणि हेच पान माझ्यापुढे धरील." त्यांनी माझं कार्ड मागितलं आणि मागच्या बाजूला लिहिलं: सहा गुणिले नव्वद.

प्रोजेक्टला आम्हाला विसापैकी चौदा मार्क पडले. सरांनी शेरा मारला होता: 'सिस्टिमचा प्रत्यक्ष उपयोग दाखवलेला नाही.' पाचशेचाळीस रुपयांची पावती जोडायची राहून गेली होती.