मुलीचा वाटा नेमका कुठे निसटतो

उत्तराखंडने २०२४ साली समान नागरी कायदा केल्यापासून या विषयावरच्या प्रत्येक वादात गोव्याचा दाखला दिला जातो: तिथे मुलगा-मुलगी समान, नवरा-बायको निम्मे-निम्मे. कागदावर ते खरंच आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच आहे. पण लिस्बनमध्ये राहून या वादाकडे पाहताना एक गोष्ट सतत बोचते. गोव्याच्या या कायद्याचा पाया असलेली १८६७ची जी पोर्तुगीज नागरी संहिता आपण १८७०पासून सांभाळली, ती खुद्द पोर्तुगालने १९६७ साली मोडीत काढली. हुकूमशाही गेल्यावर, १९७७ साली, नवऱ्याला कुटुंबप्रमुख मानणारी कलमंही गेली. गोव्यात मालकी निम्मी असली तरी जुन्या संहितेप्रमाणे कारभार नवऱ्याकडेच आहे.

तरीही एका बाबतीत गोवा उजवा. पोर्तुगालात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर वारशाने आलेली मालमत्ता ज्याची त्याचीच राहते. मात्र स्थावर मालमत्ता, राहत्या घरासकट, जोडीदाराच्या संमतीशिवाय विकता येत नाही. गोव्यात वडिलोपार्जित घरातल्या नवऱ्याच्या वाट्यातही सुनेचा निम्मा हिस्सा लागतो.

आकड्यांत पाहू. घर आणि भाट, म्हणजे नारळाची बाग, मिळून ८० लाखांचं. वडील वारले, मागे आई, एक मुलगा, दोन मुली. ४० लाख मुळातच आईचे, तो वारसा नव्हेच. उरलेल्या ४० लाखांचे तीन सारखे भाग, प्रत्येकी सुमारे १३ लाख ३३ हजार. वडिलांनी मृत्युपत्र केलं असतं तरी स्वतःच्या ४०पैकी फक्त २० लाख मर्जीने देता आले असते. बाकीच्या २० लाखांतला मुलींचा वाटा कायद्याने राखलेला. मुली वेगळ्या कराराविना लग्न झालेल्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्यात निम्मा जावयाचा.

एवढा पक्का कायदा सुटतो तो सब-रजिस्ट्रारच्या टेबलावर. वडील हयात असताना हक्क सोडता येत नाही, म्हणून बाराव्या-तेराव्यानंतर हक्क सोडण्याचा कागद पुढे येतो. जावयाची सही लागते, तीही आधीच ठरलेली असते. बहिणीला कोणी दमदाटी करत नाही. चवथीचं वोजें, म्हणजे गणेश चतुर्थीची भेट, माहेरून येत राहावं, माहेरचा उंबरठा तुटू नये, एवढ्यासाठी ती सही करते, आणि त्याला समजूतदारपणा म्हणतात. मला हा अन्याय वाटतो. वारसपत्र करतानाच मुलींची नावं गाळणं हा दुसरा प्रकार. पुढे एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) भावाचंच नाव चढतं आणि बहिणीला कोर्टाची पायरी चढावी लागते. तिथे इन्व्हेंटरीत, म्हणजे वाटणीच्या दाव्यात, वारसांमध्येच बोली लागते. ज्याच्या हाती रोकड, तो घर घेतो. बहुधा भाऊच. बहिणीला तिचे पैसे मिळतात, जमीन नाही.

वंश मात्र बापाकडूनच मोजला जातो, आणि त्याला समान वाट्याच्या कायद्याचा हात लागलेला नाही. कोमुनिदादीचा, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा, गावकार (सदस्य) पुरुष वंशातला. जण, म्हणजे गावकाराचा उत्पन्नातला वाटा, म्हणून येणारी रक्कम बहुतेक ठिकाणी किरकोळ असते. खरी सत्ता गावच्या जमिनीबद्दलच्या मताची. बहुतेक देवस्थानांची महाजनकी, म्हणजे देवळाच्या कारभारातला हक्कही, तशीच चालत आली. गावात जन्मलेली मुलगी दोन्हीकडे मोजलीच जात नाही. १८८०च्या हुकूमनाम्याने तर बायकोच्या तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर हिंदू नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा दिली होती. गोव्याचे गोडवे गाताना हे पानही उघडायला हवं.

माझं मागणं साधं आहे. हक्क सोडण्याचा दस्त नोंदवण्यापूर्वी अधिकाऱ्याने मुलीला एकटीला बसवून तिच्या वाट्याची अंदाजी किंमत आकड्यात सांगावी, आणि सहीसाठी काही आठवड्यांनी पुन्हा बोलवावं. गोव्यात लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते, मग हक्क सोडणं एका सकाळी कशाला? कारभार दोघांचा करणारी दुरुस्ती विधानसभेने करावी. 

परदेशात राहणाऱ्या बहिणींसाठी धोका आणखी एका कागदात असतो. भावाच्या नावे सरसकट कुलमुखत्यारपत्र देऊ नका. घरपट्टी भरणं, वीजजोडणी, डागडुजी, उतारे काढणं अशी कामं नावानिशी लिहा, विक्री, बक्षीस, गहाण आणि हक्क सोडणं यांचा अधिकार दिलेला नाही, असं वेगळं वाक्य घाला, मुदत घाला. जुनं पत्र रद्द केलंत तर ज्याला दिलं होतं त्याला आणि संबंधित सब-रजिस्ट्रारला लेखी कळवा, नाहीतर त्याच पत्रावर दस्त होऊन बसतो.