वीस पैशांचा उमेदवार

न्यूयॉर्कच्या महापौर निवडणुकीत मला मत नाही. ग्रीन कार्डवाल्याला कर भरता येतो, भाडं भरता येतं, मत तेवढं देता येत नाही. आमच्या घरात मत बायकोला आहे आणि रक्तदाब मला.

2025 च्या जूनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती. पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं, हे पक्षात नाव नोंदवलेले मतदारच ठरवतात, असं मी सांगलीला फोनवर अण्णांना सांगितलं. अण्णा निवृत्त हेडमास्तर. जरा वेळ थांबून म्हणाले, "मग बंगल्यावर चकरा कोण मारतं?"

त्यांना उमेदवारही पटत नव्हते. अँड्र्यू कुओमो राज्याचे माजी गव्हर्नर. "म्हणजे माजी मुख्यमंत्री महापौरपदाला उभा? आपल्याकडं महापौर अडीच वर्षं फिती कापतो, कारभार आयुक्त बघतात." दुसरे जोहरान ममदानी, न्यूयॉर्कच्या आमच्याच क्वीन्स भागातले आमदार, वय 33. "पोरगा काय म्हणतो?" भाडेवाढ थांबवतो म्हणतो, बस फुकट करतो म्हणतो. "बस फुकट? मग सुट्ट्यावरनं भांडायचं कुणाशी?"

मतदानाची पद्धत मात्र मी समजावण्याआधीच त्यांनी ओळखली. उमेदवार 11, त्यातल्या पाचांना पसंतीक्रम द्यायचा. दर फेरीत तळाचा बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. इथे ही पद्धत 2021 पासून आली आणि अजून लोक गोंधळतात. ऑफिसातला एक जण एकाच नावापुढचे पाचही गोल काळे करणार होता, म्हणजे पाच मतं पडतील! अण्णा म्हणाले, "त्याला खाली बसव. शिक्षक मतदारसंघात आम्ही जन्मभर हेच केलं. आकडे घालायचे, तेही त्यांनी दिलेल्या जांभळ्या स्केचपेननं. स्वतःचं पेन काढलं की मत बाद." कुओमोंना कुठलाच क्रमांक देऊ नका, अशी मोहीमही इथे चालू होती. अण्णांनी तिचं लगेच मराठीकरण केलं : "पाडापाडी."

इथवर सगळं ठीक होतं. मग मी भाव बघायला लागलो.

इथे निवडणुकीवर उघड सट्टा चालतो, ॲपवर. उमेदवाराचा भाव सेंटमध्ये. जिंकला तर एक डॉलर हातात, हरला तर शून्य. मी पैसे लावत नव्हतो, नुसता बघत होतो. हे म्हणजे जिलेबीच्या कढईसमोर उभं राहून फक्त वास घेण्यासारखं, पण मधुमेह तसाही होतोच. सात नंबरची ट्रेन बोगद्यात शिरली आणि रेंज गेली की माझा जीव वरखाली. एका संध्याकाळी कुओमो 76 वरून 73 वर घसरले, तेवढ्यात आमटीची फोडणी जळली. बायकोने खिडकी उघडली, मोहरीचा धूर बाहेर घालवला आणि शांतपणे विचारलं, "यातला कोण आपल्याकडे जेवायला येणार आहे?"

अण्णांनी विचारलं, "भाव काय निघालाय?"

"कुओमो 80 पैसे, ममदानी 20."

"मग पोरगा आला."

मी समजावलं. अण्णा, इथे उलटं आहे. आपल्याकडच्या सट्टाबाजारात ज्याचा भाव कमी तो येणार. इथे ज्याचा जास्त तो. हेडमास्तर म्हणाले, "भाव कमी म्हणजे बुकीला खात्री. गणित काय देशागणिक बदलतं?"

मतदानाच्या आदल्या दिवशी इमर्सन कॉलेजची जनमत चाचणी आली : पहिल्या फेरीत कुओमो पुढे, पण आठव्या फेरीत ममदानी जिंकणार. भाव असा हलला की मी फोन फ्रीजवर ठेवला, आणि दर दोन मिनिटांनी पाणी प्यायला गेलो.

24 जूनला उन्हाचा पारा 100 फॅरनहाइटच्या आसपास. बायको ऑफिसातून येताना मत देऊन आली. घामाने भिजलेली, कुर्त्यावर 'मत दिलं'चं स्टिकर. कुणाला दिलं विचारलं, तर म्हणाली, "गुप्त असतं." आधी कोथिंबीर निवडून दे म्हणाली.

रात्री नऊला मतदान संपलं. सांगलीत पहाटेचे साडेसहा, अण्णा चहा घेऊन फोनवर हजर. दीड तासात कुओमोंनी पराभव मान्य करून टाकला. आठवड्याने फेऱ्यांचा हिशेब लागला : ममदानी 56 टक्के, कुओमो 44.

"सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "20 पैसे."

यावर काय बोलणार? चुकीच्या रीतीने उत्तर बरोबर आलं तर स्वतः अण्णा पोरांना निम्मे मार्क द्यायचे. स्वतःला त्यांनी पूर्ण दिले. त्या दिवसापासून सांगलीच्या कट्ट्यावर न्यूयॉर्कचे तज्ज्ञ म्हणून त्यांची ख्याती पसरली.

नोव्हेंबरमध्ये खरी निवडणूक. कुओमो आता अपक्ष, शिवाय लाल टोपीवाले रिपब्लिकन कर्टिस स्लिवा. मतदानाआधी मी भाव सांगितला : ममदानी नव्वदच्या वर.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग जड आवाज आला, "अरेरे. पडला पोरगा."

4 नोव्हेंबरला ममदानी निवडून आले. मी लगेच फोन लावला. बशीतून चहा ओढल्याचा आवाज आला, बशी खाली ठेवल्याचा आला.

"तुमच्याकडचे बुकी," अण्णा म्हणाले, "अजून नवीन दिसतात."