लाइटला सबमीटर, वायफायला सगळे एकत्र!

सांगलीत विश्रामबागेत भाड्यानं राहतोय. आमच्या मालकांनी प्रत्येक खोलीला लाइटचा वेगळा सबमीटर बसवलाय, युनिट न् युनिट वहीत लिहून नेतात. पाण्यावरनं भांडणं नकोत म्हणून टाक्यासुद्धा वेगळ्या, वर नंबर रंगवलेल्या. आणि इंटरनेट? एक कनेक्शन, एक राउटर, एक पासवर्ड, अख्खी बिल्डिंग त्यावर. त्याचे ३०० रुपये भाड्यात धरलेत, गुमान द्यायचे.

पासवर्ड काय, तर मालककाकांचा मोबाईल नंबर. जो गेटवर 'खोली भाड्याने देणे आहे'च्या पाटीवर हातभर आकड्यांत रंगवलाय! राउटरच्या सेटिंगला यूजरनेम ॲडमिन, पासवर्ड पण ॲडमिन. कुणीही यावं, काहीही बदलावं.

मोबाईलवर कास्टचं बटण दाबलं की चार घरांचे टीव्ही दिसतात. वरच्या आजी कीर्तन बघत बसल्या की कुणीतरी मध्येच डीजे घुसवतं. त्या बिचाऱ्या टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिकला फोन करतात. जीएसटीची कामं करणाऱ्या ताईंचा प्रिंटर सगळ्यांच्या लॅपटॉपात हजर.

कळस केला पहिल्या मजल्यावरच्या पोरांनी. रेंज येईना म्हणून स्वतःचा राउटर आणला आणि भिंतीतली वायर वॅन (बाहेरून नेट आत घ्यायच्या) पोर्टाऐवजी लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टात खुपसली. झालं! तोही राउटर बिल्डिंगभर आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटत सुटला. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, त्यामुळं कुणाचं नेट चालतंय, कुणाचं बंद, पत्ताच लागेना. कंपनीचा माणूस आला, म्हणाला लाइन ओके आहे, आणि गेला.

अरे, यावर उपाय नाही का? एकाच वायरिंगवर वेगवेगळी नेटवर्कं करायची सोय म्हणजे व्हीलॅन, त्याचं ८०२.१क्यू स्टँडर्ड १९९८ पासून आहे. व्हीलॅन समजणारा राउटर, नेटच्या वायरी जोडायचा एक स्मार्ट स्विच, प्रत्येक खोलीचं नेटवर्क वेगळं. कनेक्शन एकच, पण याचं त्याला दिसत नाही. प्रत्येकाला स्पीडची मर्यादा घालता येते, म्हणजे एकाच्या गेम डाउनलोडपायी दुसऱ्याचा ऑनलाइन इंटरव्ह्यू बोंबलत नाही. काही शहाणे सांगतात, गेस्ट वायफाय चालू करा. करा की! त्यात आयसोलेशन (एका उपकरणाला दुसरं दिसू न देणं) असलं तर माझ्याच मोबाईलला माझाच टीव्ही दिसायचा नाही.

हे सगळं काकांना सांगितलं, तर म्हणे, "लपवण्यासारखं काय आहे तुमच्याकडं?"

अहो काका, कनेक्शन तुमच्या नावावर आहे! बाहेरून सगळ्यांचा आयपी एकच दिसतो. उद्या कुणी नको ते उद्योग केले तर पोलीस आधी तुमचीच बेल वाजवणार. त्यावर हसले. "आपल्यात कोण करतंय असलं!" पाटी वाचून जाणारा सगळा रस्ता आपल्यातच धरायचा का मग?

शेवटी म्हटलं, मी माझी वेगळी फायबर लाइन घेतो. तर भिंतीला भोक पडतंय म्हणून परवानगी नाही. आणि वायफायचे ३०० काही भाड्यातनं कमी होणार नाहीत, ते आधीच सांगून टाकलंय.