‘व्हॅटिकनहून कोट्यवधी, हिशोब शून्य’ : त्या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. ख्रिसमसच्या आगेमागे येतोच, या वेळी त्यावर नागपूरचं नाव चिकटवलंय एवढाच फरक. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नागपुरातल्या सिस्टर अन् फादर लोकांना व्हॅटिकनमधून दर महिन्याला कोट्यवधी रुपये येतात, त्यावर ना टॅक्स ना ऑडिट, सरकार काही विचारू शकत नाही, पैसा गरिबांच्या नावाने घ्यायचा अन् धर्मांतराला वापरायचा, वरून कॉन्व्हेंटच्या फीची कमाई वेगळी. शेवटी ‘जागे व्हा’ अन् दहा ग्रुपवर टाका.

मी कॅथलिक नाही. ट्रस्टांचे हिशोब लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यात मंदिरं आहेत, विहार आहेत, शिक्षण मंडळं आहेत अन् सिस्टर लोकांची संस्थाही आहे, त्यामुळे कोणता कागद कुठून कुठे जातो हे नेहमीच बघण्यात असतं. मेसेज शंभर टक्के खोटा आहे असं म्हणणार नाही, एका जागी तो खऱ्याच्या बराच जवळ जातो, ते पण सांगतो.

आधी फोटोचं बघा. मेसेजसोबत हिस्लॉप कॉलेजचा फोटो फिरतोय अन् खाली लिहिलंय ‘पोपची संस्था’. राजेहो, हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट मिशनचं कॉलेज, १८८३ चं, त्यांचा अन् पोपचा संबंध कधीच नव्हता. बिशप कॉटन शाळा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. कॅथलिक म्हणजे १८७० ची एसएफएस शाळा, सेमिनरी हिल्सचं एसएफएस कॉलेज वगैरे. ज्याला एवढं वेगळं करता येत नाही तो बँक खात्यांबद्दल छातीठोकपणे सांगतोय!

आता व्हॅटिकन. व्हॅटिकन कोणत्याही सिस्टरला दरमहा पगार पाठवत नाही. वर्गणी तर उलट इथून तिकडे जाते, २९ जूनच्या सणाच्या सुमारास जगभरातल्या चर्चमध्ये ‘पीटर्स पेन्स’ नावाची वर्गणी होते ती पोपसाठी, अन् ऑक्टोबरात मिशन रविवारची होते ती जगभरच्या मिशनसाठी, दोन्हीत आपल्या नागपूर-कामठीच्या चर्चमधल्या थाळीतलेही पैसे असतात. मिशन रविवारचा पैसा रोममार्गे गरीब धर्मप्रांतांना परत वाटला जातो हे खरंय, पण तो बिशपकडे जातो, चर्चच्या कामासाठी. सिस्टर लोकांची काँग्रिगेशन, म्हणजे व्रत घेतलेल्या सिस्टरांचा संघ, हे वेगळं घर. त्यांचा वेगळा खजिनदार, वेगळी खाती, अन् बहुतेक वेळा कडकीही वेगळी.

बाहेरून पैसा येतो, नाही कोण म्हणतं? पण येतो कसा ते बघा. जर्मनीत मिझेरेओर नावाची संस्था आहे, तिथल्या बिशप लोकांनी १९५८ मध्ये काढलेली, भूक अन् रोगराईविरुद्ध काम करायला. स्पेनमध्ये मानोस उनिदास आहे. मिझेरेओरची वर्गणी होते ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, मानोस उनिदासची फेब्रुवारीतल्या मोहिमेत, अन् मिझेरेओरच्या बाबतीत वर्गणीपेक्षा मोठा भाग जर्मन सरकारच्या विकासनिधीचा असतो. जर्मनीतच मुलांची वेगळी वर्गणी असते, ६ जानेवारीच्या सुमारास पोरंपोरी राजांचे कपडे घालून घरोघर गाणी म्हणत फिरतात अन् डब्यात पैसे जमवतात, आपल्याकडे पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर जातात तसंच, फक्त खिरापतीच्या जागी युरो.

अन् हा पैसा मागितला की मिळाला असं नसतं. प्रस्ताव लिहावा लागतो. वस्तीत किती घरं, अडचण काय, तीन वर्षांत काय बदलेल, ते बदललं हे मोजणार कसं, तुम्ही स्वतः किती टाकणार, वस्तीतले लोक किती श्रम देणार. संस्थेची नोंदणी, मागचे ऑडिट, वस्तू घ्यायची तर कोटेशन, बऱ्याचदा बिशपचं शिफारसपत्र. मग तिकडून प्रश्नांची यादी येते, उत्तरं जातात, पुन्हा प्रश्न. मंजूर झालं तरी पैसा हप्त्याहप्त्याने, पहिल्या हप्त्याचा हिशोब पटला तरच दुसरा. शिवाय मंजुरी युरोत अन् खर्च रुपयात, युरो उतरला तर शिवणवर्गाच्या दोन मशिनी कमी घ्यायच्या अन् त्या कमी का घेतल्या याचं परत पत्र लिहायचं. दरमहा कोट्यवधी म्हणे!

सगळ्या काँग्रिगेशन असं करतात असंही नाही हं. मदर तेरेसांच्या सिस्टर, मिशनरीज ऑफ चॅरिटी, फंडरेझिंग करतच नाहीत, मदरनीच ते बंद ठेवलं होतं, दारात येईल ते घ्यायचं. लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर म्हणून आहेत, १८३९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या, कोलकात्यात १८८२ पासून म्हाताऱ्यांना सांभाळतात, त्यांची तर पद्धतच बाजारात जाऊन मागण्याची आहे, भाजीवाल्याकडून भाजी, दुकानदाराकडून तांदूळ.

‘हिशोब नाही, सरकार विचारत नाही.’ हे वाचून तर हसूच आलं, कारण परदेशी पैशावर जेवढी नजर आहे तेवढी आपल्या गल्लीतल्या कोणत्याच मंडळावर नाही. १९७६ पासून परदेशी देणग्यांवर नजर ठेवणारा एफसीआरए कायदा आहे, २०१० मध्ये नवा आला, २०२० मध्ये आणखी आवळला. आता बाहेरचा एक रुपयाही यायचा तर आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत, ११ संसद मार्ग, तिथेच. तुमची संस्था गडचिरोलीत असो की नागपूरच्या जरीपटक्यात, खातं दिल्लीत, अन् दिल्लीवरून मग इथल्या खात्यात. नोंदणी गृहमंत्रालयाची, पाच वर्षांची, मग नव्याने अर्ज. नवीन संस्थेला नोंदणी हवी तर तीन वर्षं जुनी हवी अन् त्या तीन वर्षांत किमान १५ लाख स्वतःच्या कामावर खर्च केलेले दाखवायला हवेत. दरवर्षी हिशोबाचा एफसी-४ फॉर्म, सीएच्या सहीने, ३१ डिसेंबरच्या आत. ऑफिसखर्च वीस टक्क्यांच्या वर गेला नाही पाहिजे, आधी ही मर्यादा पन्नास होती.

यातला सगळ्यात जास्त लागलेला बदल वेगळाच आहे, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. २०२० पर्यंत मोठ्या संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या नोंदणीकृत छोट्या संस्थेला देता यायचा, म्हणजे काँग्रिगेशनच्या नागपुरातल्या विभागीय ऑफिसने (प्रोव्हिन्सने) प्रस्ताव लिहायचा, पैसा घ्यायचा अन् आतल्या गावात दोन-तीन सिस्टर दवाखाना चालवतात त्यांच्या संस्थेला पाठवायचा. ते पूर्ण बंद झालं. आता त्या गावातल्या सिस्टरने स्वतः जर्मनीला पटेल असा प्रस्ताव लिहायचा, स्वतःची नोंदणी काढायची, दिल्लीत खातं उघडायचं, अन् मधल्या वेळात दवाखानाही चालवायचा.

सरकार विचारत नाही म्हणता? २०२१ च्या ख्रिसमसलाच मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या नोंदणीचं नूतनीकरण नाकारलं होतं, जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात परत मिळालं. एवढ्या मोठ्या नावाला चुकलं नाही.

एक तक्रार मात्र रास्त आहे. पूर्वी या संस्थांचे वार्षिक हिशोब गृहमंत्रालयाच्या साइटवर कोणालाही बघता यायचे, जुलै २०२२ मध्ये ते काढून टाकले, अन् तिमाही आकडे जाहीर करण्याची अटही त्याच वेळी गेली. लोकांना दिसत नाही म्हणून संशय वाढतो, कबूल. पण ते काढलं मंत्रालयाने, सिस्टरनी नाही.

टॅक्सचं पटकन सांगतो. सूट आहे, पण ती चर्चला आहे म्हणून नाही, धर्मादाय ट्रस्टला आहे म्हणून, गोशाळेला जी तीच. उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च करा नाहीतर का केला नाही ते लेखी कळवा. देणगीदाराला ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, हवी तर प्रत्येकाचा पॅन घेऊन वर्षाखेरीला यादी आयकर खात्याला द्या, २,००० च्या वर रोख दिली तर त्याला सूट नाही. वरून आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, टेकडी गणपतीच्या ट्रस्टला जो लागतो तोच सिस्टरांच्या ट्रस्टला. दरवर्षी ऑडिट धर्मादाय आयुक्तांकडे, विश्वस्त बदलला तर चेंज रिपोर्ट, जमीन विकायची तर आधी परवानगी. अन् अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर-फादरच्या पगारावर टीडीएस कापायचा नाही ही १९४४ पासूनची सवलत होती, तीही सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये संपवली. त्या पगारातला पैसा सिस्टरच्या हाती राहतच नाही, दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, सगळा काँग्रिगेशनच्या सामायिक खात्यात जातो अन् तिला लागेल तेवढा खर्च मागून मिळतो. टॅक्स मात्र तिच्या नावावर.

धर्मांतराचा मुद्दा. इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली जाते. एफसीआरएमध्ये पैसा कशासाठी आला ते सांगावं लागतं, शैक्षणिक, सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक अन् धार्मिक, होय, धार्मिक हाही एक अधिकृत प्रकार आहे. चर्च बांधायला बाहेरून पैसा घेणं कायदेशीर आहे, जसं अयोध्येच्या राम मंदिर ट्रस्टला ऑक्टोबर २०२३ मध्ये परदेशी देणग्यांची परवानगी मिळाली, अन् त्यांचंही खातं त्याच संसद मार्गच्या शाखेत. त्यात गैर काहीच नाही, दोघांच्याही. पण आमिष दाखवून किंवा जबरदस्तीने धर्मांतर केल्याचा खटला असेल तर नोंदणीच मिळत नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. अन् जर्मन सरकारचा जो पैसा येतो त्याची तर अटच अशी की प्रार्थना-प्रचाराच्या कामाला हात लावायचा नाही, शिवणवर्ग म्हणजे शिवणवर्ग. कुठे कोणी गडबड केली असेल तर पुराव्यासकट तक्रार करा ना, पोलीस आहेत, मंत्रालय आहे. पण दीडशे वर्षं शाळा-दवाखाने चालवूनही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सगळे ख्रिस्ती मिळून एक टक्क्यापेक्षा कमी निघाले, एवढा पैसा ओतून जर एवढंच झालं असेल तर हा जगातला सगळ्यात तोट्याचा धंदा म्हणायचा.

आता कॉन्व्हेंटची फी. हाच तो मुद्दा जिथे मेसेज बराचसा बरोबर आहे. इंग्रजी शाळेत शिल्लक राहते अन् ती काँग्रिगेशनच्या गरिबांच्या कामाला आधार देते. पण त्याचा अर्थ काय झाला? वस्तीतल्या बालवाडीचा खर्च व्हॅटिकन नाही, धरमपेठ-सिव्हिल लाईन्सचे पालक उचलतात, म्हणजे मेसेजचा पहिला मुद्दा मेसेजच खोडतो. माझी तक्रार वेगळी आहे. अल्पसंख्याक शाळांना आरटीईच्या २५ टक्के जागा लागू नाहीत, २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तर अनुदानित-विनाअनुदानित सगळ्याच सुटल्या. कायद्याने सुटलात ठीक, पण गरिबांसाठीच व्रत घेतलंय म्हणता तर ज्या वस्तीत तुमची बालवाडी आहे तिथली पोरं तुमच्याच मोठ्या शाळेत किती दिसतात? हे विचारायला पाहिजे, अन् हे कोणी विचारत नाही, सगळे व्हॅटिकनच्या मागे.

अन् सगळ्यात कठीण भाग पुढे आहे. अनुदान देणारा कोणीही असो, जर्मन असो, सीएसआरवाला म्हणजे समाजकामाला पैसा देणारी कंपनी असो, त्याला ‘प्रोजेक्ट’ लागतो. सुरुवात, शेवट, मधे आकडे. इतक्या बाया शिवण शिकल्या, इतके बचतगट झाले. सीएसआर तर २०१४ पासून आलं, मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के त्यावर खर्च करायचे, म्हणून बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीकडे सगळ्यांचे डोळे लागले. त्यांना आवडतं ते म्हणजे स्मार्ट क्लास, पाण्याचं आरओ मशीन, कंपनीच्या नावाची पाटी. पण रस्त्यावरून उचलून आणलेल्या, कोणी नसलेल्या म्हाताऱ्या बाईचा प्रोजेक्ट कसा करणार? ती तीन वर्षांत ‘सक्षम’ होत नाही. ती आणखी म्हातारी होते. तिला मोठ्यांचे डायपर लागतात, रात्रपाळीची बाई लागते, मेडिकल हॉस्पिटलला भरती केलं तर सोबत बसायला माणूस लागतो, गेली तर अंत्यविधीचा खर्च लागतो. यातल्या एकाही गोष्टीवर पाटी लावता येत नाही. मी आजवर पाहिलेल्या मंजूर बजेटमध्ये भिंती आहेत, गाड्या आहेत, ट्रेनिंग आहे, रात्रपाळीच्या बाईचा पगार नाही. अन् असलाच तर पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी अर्धा, तिसऱ्या वर्षी ‘संस्थेने स्वतः उभा करावा’.

तो उभा होतो कुठून? सिस्टरांच्या पगारातून, चर्चच्या फनफेअर अन् हाउजीतून, अन् मेसेज बनवणाऱ्याला पटणार नाही, पण बराचसा हिंदू घरांतून. वडिलांच्या तिथीला वृद्धाश्रमात एक वेळचं जेवण देणारी कुटुंबं आहेत, पितृपक्षात तर तारखा आधीच भरतात. इतवारीतून धान्याचं पोतं येतं, पावतीवर नाव टाकू नका म्हणतात, तेव्हा आम्हालाच सांगावं लागतं की भाऊ, नाव टाकू द्या, ऑडिटला निनावी देणगी अडते.

ज्यांना खरंच तपासायचंय त्यांनी धर्मादाय सहआयुक्तांच्या नागपूरच्या ऑफिसात जावं, ट्रस्टचा नोंदणी नंबर टाकून अर्ज करावा, फी भरावी अन् हिशोबाची प्रत मागावी. नंबर शोधायला कुठे जायची गरज नाही, संस्थेच्या देणगी पावतीवर छापलेला असतो.