सिकंदराच्या ढालींनी पोरसाचे हत्ती आंधळे केले नव्हते

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. सिकंदराच्या निवडक पायदळाकडे म्हणे भरीव चांदीच्या ढाली होत्या. झेलमच्या लढाईत त्या उन्हात धरून त्यांनी पोरसाचे हत्ती आंधळे केले आणि आपले सैनिक तो झगमगाट पाहूनच पळाले. शिवाय प्रत्येकाच्या हातात 21 फुटी भाला, अंगावर चिलखत नाही, आणि सगळे विशीतले. मी दुर्लक्ष केलं असतं, पण माझ्या भाच्याने हे जसंच्या तसं शाळेच्या प्रकल्पात उतरवलं आणि त्याला शाबासकी मिळाली. आता गप्प बसवत नाही.

आधी चांदी. मॅसिडोनियन भालाईताची लहान ढाल साधारण 65 सेंटिमीटर व्यासाची. ती तीन मिलिमीटर जाडीच्या भरीव चांदीची केली तर एकीचंच वजन दहा किलोंवर जातं. हे खास ढालाईत, म्हणजे हिपास्पिस्ट, होते 3000. म्हणजे तीस टनांहून जास्त चांदी, आणि तीही घावागणिक चेपणारी! खऱ्या ढाली लाकडाच्या, वर ब्राँझचा पत्रा. भारतावरच्या स्वारीआधी सिकंदराने ढालींवर चांदीचा पत्रा चढवून घेतला, असं कर्टियस आणि जस्टिन हे रोमन इतिहासकार सांगतात. दोघेही कित्येक शतकांनंतरचे, पण ठीक आहे, तेवढं मान्य.

हत्तींची गोष्ट मात्र शुद्ध थाप आहे. इ.स.पू. 326 मध्ये सिकंदराने झेलम ओलांडली ती रात्री, वादळी पावसात. लढाई झाली तेव्हा जमीन निसरडी होती. पोरसाचे रथ चिखलात रुतले; त्याच्या धनुर्धरांना जड धनुष्य जमिनीला टेकवून बाण सोडावा लागे, तेही धड जमेना. हे सांगणारा तोच कर्टियस, ज्याच्या चांदीच्या वाक्यावर ही सगळी कहाणी रचली आहे. पुढचं त्याने लिहिलेलं कुणी वाचलेलं दिसत नाही: हत्तींच्या पायांवर कुऱ्हाडी चालवल्या, सोंडांवर वाकड्या तलवारी. सिकंदराचा ग्रीक चरित्रकार एरियन सांगतो की माहुतांना भाले फेकून टिपलं आणि जखमी, बिथरलेले हत्ती दोन्ही बाजूंची माणसं तुडवत सुटले. डोळे दिपवण्याची युक्ती ना या दोघांकडे, ना डायोडोरस, प्लुटार्क या ग्रीक लेखकांकडे.

आणि ‘आपले पाहूनच पळाले’? पोरस स्वतः जखमी होईपर्यंत हत्तीवरून लढला. या लढाईने मॅसिडोनियनांची हिंमत खचली आणि पुढे जायला ते तयार होईनात, असं प्लुटार्क लिहितो. जिवावर उदार होऊन लढलेल्या माणसांना आपणच भित्रं ठरवायचं, याचा मला मनापासून राग येतो.

21 फुटी भाल्याचा आकडा ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचा, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. सिकंदराच्या काळाला जवळचा ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस सर्वांत लांब सारिसा (मॅसिडोनियन लांब भाला) 12 हातांची सांगतो, म्हणजे सुमारे 18 फूट. हिपास्पिस्ट ती वापरत का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण तटाला शिड्या लावून चढणारी हीच माणसं. पंजाबातल्या मल्ल जमातीच्या किल्ल्यावर त्यांच्या गर्दीने शिड्या मोडल्या. दोन्ही हातांनी धरायचा भाला घेऊन शिडी कोण चढेल? सिडोनला सापडलेल्या आणि आता इस्तंबूलमध्ये असलेल्या दगडी शवपेटीवर मॅसिडोनियन पायदळ मोठ्या गोल ढालींसह कोरलेलं आहे.

चिलखताबद्दल मॅसिडोनियातल्या ॲम्फिपोलिस शहराचा शिलालेख पुरे. तो मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याच्या काळातला, सिकंदराहून शंभरावर वर्षांनी नंतरचा, पण त्यात सैनिकाकडे नसलेल्या सामानाचा दंडच कोरला आहे: अंगातलं कवच 2 ओबोल (छोटं नाणं), शिरस्त्राण 2, पायांची कवचं 2, सारिसा 3, तलवार 3, ढाल एक द्राख्मा म्हणजे 6. अधिकाऱ्याला दुप्पट, शिवाय छातीच्या चिलखताचे 2 द्राख्मा वेगळे. उघड्या अंगाने लढणाऱ्यांना कवच नसल्याचा दंड कोण करतं?

राहिलं वय. सिकंदराच्या मृत्यूनंतर, झेलमपासून सुमारे दहा वर्षांनी, हेच रौप्य ढालवाले त्याचा जुना अधिकारी युमेनीस याच्या बाजूने इराणात गाबिएनेला लढले. त्यांतला सर्वांत तरुण साठीचा, बहुतेक सत्तरीचे, असं डायोडोरस लिहितो. आणि समोरची तरुण फळी त्यांनीच फोडली.